परक्या घरच्या जिवाची राखण

बीडमध्ये कुत्रा फिरवून आणण्याचे पैसे कोण देणार? कुत्रे फिरवणे आणि घरगुती प्राण्यांची देखभाल हा छोटा व्यवसाय कसा उभारावा, हे सांगणारे पुस्तक या जिल्ह्यातल्या वाचकाच्या हाती देताना हा प्रश्न सर्वांत आधी समोर येतो आणि तो रास्त आहे. आपल्याकडे कुत्रा दाराशी असतो. उरलीसुरली भाकरी खातो, रात्री अनोळखी पाऊल वाजले की भुंकतो, आणि फिरायचे झाले तर आपले आपण फिरून येतो. पुण्या-मुंबईत सकाळी दोन-तीन कुत्र्यांचे पट्टे धरून चाललेला तरुण कोणाला नवा वाटत नाही. पण अंबाजोगाईच्या किंवा माजलगावच्या रस्त्यावर असा कोणी दिसला, तर लोक थांबून पाहतील.

तरीही हे काम बीडमध्ये चालू शकते, असे मला ठामपणे वाटते. कारण या व्यवसायात फिरवणे हा वरवर दिसणारा भाग आहे. घरमालक पैसे देतो ते आपण घरी नसताना किंवा आपल्याच्याने होत नसताना ठरलेल्या वेळी, ठरलेला माणूस आपल्या जनावराजवळ पोहोचेल या खात्रीसाठी. आणि घर सोडून जावे लागणे म्हणजे काय, हे बीडइतके कोणत्या जिल्ह्याला ठाऊक असेल? ज्या जिल्ह्यातून माणसे सतत बाहेर जात असतात, तिथे मागे थांबणाऱ्याजवळ विकण्यासारखे काहीतरी असते. या पुस्तकाचा सगळा विचार त्या एका गोष्टीवर उभा आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना आपण कोयता म्हणतो, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागला की परततात. काहींची बैलजोडी सोबत जाते, एखादा कुत्रा गाडीमागे चालत जातो. म्हातारी माणसे, शेळ्या, दुभती जनावरे आणि उरलेली कुत्री गावी राहतात. ही कुटुंबे या व्यवसायाची ग्राहक होतील, असे मी म्हणत नाही. त्यांच्या खिशाला हा खर्च झेपणारा नाही. पण जनावर मागे ठेवून जाताना कोणावर तरी भिस्त ठेवावी लागते, हा अनुभव या जिल्ह्यात घरोघरी आहे.

ग्राहक दुसरीकडे आहे. बीड शहरात नगर रोड आणि जालना रोडच्या बाजूने वाढलेल्या वसाहतींमध्ये, अंबाजोगाईत, परळीत, गेवराईत, डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी आणि सरकारी नोकरदारांच्या घरी लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पामेरियन, पग दिसू लागले आहेत. पुष्कळदा पिलू मुलाच्या हट्टापायी येते. मुलगा बारावी होऊन पुण्याला, लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातो आणि ३० किलोचा लॅब्रेडॉर साठीतल्या आईवडिलांकडे राहतो. त्याला ओढ लागली की आवरणे त्यांच्या हाताबाहेरचे असते. मग फाटकाला कुलूप लागते, गळ्यात साखळी येते आणि तो प्राणी दिवसभर आठ फुटांच्या वर्तुळात फिरत राहतो. तो भुंकतो, चप्पल फाडतो, पाहुण्यांच्या अंगावर जातो. घरची माणसे म्हणतात, कुत्रा बिघडला. त्याला फक्त चालायला मिळालेले नसते.

आपल्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातले कलम ११ क्रूरतेचे प्रकार मोजते. कायम साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम न देणे हासुद्धा त्यांतला एक प्रकार आहे. म्हणजे कुत्र्याला फिरवणे ही हौस नव्हे, मालकाचे ते कर्तव्य आहे. ज्याला ते स्वतः पार पाडता येत नाही, त्याने दुसऱ्याला दाम देऊन ते करून घ्यावे, यात वावगे काहीच नाही.

दाम घेऊन दुसऱ्याचे जनावर सांभाळणे ही रीतही इथे जुनीच आहे. गावची गुरे एकत्र करून माळावर नेणारा गुराखी होता आणि त्याचा मेहनताना दर जनावरामागे ठरलेला असे, कधी पैशात, कधी धान्यात. जनावर राखोळीला ठेवणे, शेळी अर्धलीने देणे हे व्यवहार आजही चालतात. २०१९ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात उघडल्या गेल्या. तेव्हा मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी ९० आणि पुढे १०० रुपये, लहान जनावरामागे त्याच्या निम्मे, असे सरकारी अनुदान होते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या शेतकऱ्यांनी आपली जनावरे महिनोन् महिने छावणीत ठेवली आणि एका जनावराला एका दिवशी किती चारा, किती पाणी, किती खर्च लागतो, याचा हिशेब तोंडपाठ केला. दर दिवशी, दर जनावरामागे दर ठरवण्याचा तोच हिशेब या पुस्तकातल्या व्यवसायालाही लागू पडतो.

जिव्हाळ्याने प्राणी सांभाळणाऱ्यांची उदाहरणेही याच मातीत आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, ज्यांना सगळे शब्बीर मामू म्हणतात, अनेक दशके गायी-बैलांचा मोठा कळप सांभाळत आले. दुष्काळातही त्यांनी जनावरे वाऱ्यावर सोडली नाहीत. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याने सर्पराज्ञी हे जखमी वन्यप्राण्यांचे केंद्र उभे केले. ही कामे सेवेची आहेत, धंद्याची नाहीत, आणि दोन्हींची गल्लत करू नये. पण जनावराची वेळ चुकवायची नाही, दिवस सणाचा असो की लग्नाचा, ही त्यांच्या कामाची शिस्त व्यवसाय करणाऱ्याने जशीच्या तशी उचलावी.

बाहेरच्या जगात या कामाला व्यवसायाचे रूप आले तेही असेच, शिस्तीतून. न्यू यॉर्कमध्ये १९६० च्या दशकात जिम बक नावाच्या माणसाने विक्रेत्याची नोकरी सोडून श्रीमंत वस्तीतली कुत्री फिरवायला घेतली आणि त्यावर पुढची काही दशके संसार केला. त्या शहरातला पहिला व्यावसायिक कुत्रा फिरवणारा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये एकाच वेळी कुत्र्यांचा घोळका घेऊन चालणारे लोक इतके झाले की शहराला त्यांची नोंदणी करावी लागली आणि एका माणसाने किती कुत्री न्यावीत याला मर्यादा घालावी लागली. बीडमध्ये सुरुवात करणाऱ्याने ही मर्यादा स्वतःच घालून घ्यावी. पहिले वर्षभर एका वेळी एकच कुत्रा. दोन न्यायचे तर एकाच घरचे, एकमेकांना सरावलेले.

आता कामाकडे वळू. पहिली भेट कुत्र्याला बाहेर न नेता घरीच घ्यावी. मालकासमोर बसावे, कुत्र्याला आपल्या जवळ येऊ द्यावे, आपण त्याच्या अंगावर जाऊ नये. त्याला कशाची भीती वाटते, मोटारसायकल दिसली की धावतो का, लहान मुले चालतात का, जेवणाच्या भांड्याला हात लावू देतो का, पूर्वी कोणाला चावला आहे का, लसीकरणाचे कार्ड कुठे आहे, कोणत्या डॉक्टरांकडे नेतात, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. चावल्याचा इतिहास मालक लपवतात. म्हणून तो प्रश्न थेट आणि दोनदा विचारावा. घराची किल्ली ताब्यात घ्यायची असेल तर तशी नोंद करून दोघांच्या सह्या असाव्यात.

बाहेर पडण्यापूर्वी पट्टा तपासावा. गळपट्ट्यात दोन बोटे सहज जातील एवढी ढील हवी. त्याहून सैल असेल तर घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून निसटतो. जोरात ओढणाऱ्याला छातीवरून येणारा हार्नेस बरा. लोखंडी साखळी फिरवायला नेताना वापरू नये, हात कापतो आणि कुत्र्याच्या मानेला झटके बसतात. कुत्र्याला वास घेऊ द्यावा. आपल्याला तो रेंगाळतो असे वाटते, पण जगाची खबर तो नाकानेच घेतो. अर्ध्या तासाच्या फेरीत दहा मिनिटे त्याची आहेत असे धरून चालावे. फेरी संपली की मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आणि दोन ओळी पाठवाव्यात: शौचाला झाली का, पाणी प्यायला का, काही वेगळे दिसले का. शहर सोडून गेलेल्या मुलालाही तोच फोटो मिळाला, तर त्या घराचा विश्वास तुमच्यावर लवकर बसतो.

बीडमध्ये या कामाचे वेळापत्रक ऊन ठरवते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि डांबर त्याहून तापते. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला चालवू नये, हा सोपा नियम पाळावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, पाय लटपटू लागले, की ते उष्माघाताचे लक्षण समजावे. लगेच सावलीत न्यावे, साध्या पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा, पिण्यासाठी थोडे थोडे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना फोन करावा. बर्फ अंगावर घालू नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे माणसापेक्षा थोडे जास्त असते, हे लक्षात ठेवावे.

बाकीचे धोकेही इथलेच आहेत. कपाशीच्या पट्ट्यात, गेवराई आणि माजलगावकडे, शेताच्या बांधावर फवारणीचे रिकामे डबे पडलेले असतात. ते चाटले तर कुत्र्याला विषबाधा होते. उंदरांसाठी ठेवलेले औषधही तसेच जीवघेणे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात आणि कुत्रा नाक आधी पुढे करतो, म्हणून पावसाळ्यात उंच गवत आणि दगडांचे ढीग टाळावेत. आष्टी तालुक्यात २०२० च्या अखेरीस एका बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तो पुढे डिसेंबरात करमाळ्याच्या बाजूला मारला गेला. त्या भागातल्या गावांना नव्याने सांगायला नको, पण बिबट्याला कुत्रे हे सोपे भक्ष्य असते. डोंगराकडेच्या वस्तीवर आणि आखाड्यावर अंधारात कुत्रे घेऊन निघू नये, मालक म्हणाला तरीही.

यापुढचा विषय मी सर्वांत जास्त काळजीने मांडतो, तो रेबीजचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत उपचार घेतले तर तो जवळजवळ नेहमी टळतो. म्हणून हे काम करणाऱ्याने पहिला कुत्रा हाती घेण्याआधी स्वतः प्रतिबंधक लस घ्यावी. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिचे डोस पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी असतात. तरीही चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आधी लस झालेली असेल तर पुढचे दोन डोस पुरतात. मिरची, हळद, चुना जखमेवर लावू नये. मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये. तसेच, ज्या कुत्र्याचे रेबीजचे लसीकरण चालू नाही, तो ग्राहक म्हणून स्वीकारू नये. पिलाला साधारण तीन महिन्यांनंतर ही लस मिळते आणि पुढे ती दरवर्षी द्यावी लागते. तुमच्या या एका अटीमुळे गल्लीतल्या काही कुत्र्यांना लस मिळाली, तरी तुमच्या व्यवसायाने समाजाचे मोठे काम केले.

आपण डॉक्टर नाही, हेही ध्यानात असू द्यावे. इंजेक्शन देणे, औषधाचा डोस ठरवणे, शस्त्रक्रियेबद्दल सल्ला देणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. आपले काम लवकर ओळखण्याचे आणि वेळेत पोहोचवण्याचे. जेवण सोडले, उलटी झाली, गोचीड दिसली, लघवीचा रंग बदलला, एका पायावर भार देत नाही, हे रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचे काम जास्त असते, म्हणून लहान प्राणी तपासणारे खासगी डॉक्टर कोण, त्यांची वेळ काय, हे आधीच माहीत करून घ्यावे. अवघड आजारांसाठी परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालये बीडकरांच्या आवाक्यात आहेत. ज्याच्याकडे वाहन आहे आणि कुत्र्याला सुरक्षित नेण्याची सोय आहे, त्याला ही ने-आण हेच एक वेगळे काम म्हणून देता येईल.

रस्त्यावर उतरलेला माणूस मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नापासून वेगळा राहू शकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरे कुत्र्यांची पिले उचलून उंचावर नेत होती आणि पिले मरत होती. वनविभागाने दोन वानरे पकडली. बातमी परदेशापर्यंत गेली आणि मेलेल्या पिलांचे आकडे बातमीगणिक वाढत गेले. इतकी पिले कोणाच्याही जबाबदारीविना जन्माला येतात कशी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर निर्बीजीकरणात आणि लसीकरणात आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मोकाट कुत्र्यांबाबत लागोपाठ आदेश दिले आणि नोव्हेंबरातल्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून अशी कुत्री हटवण्यास सांगितले. लोकांच्या मनात भीती आहे आणि ती खरी आहे. अशा वेळी पट्ट्याला धरलेले कुत्रे घेऊन चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या माणसाला, विशेषतः शाळकरी मुलांना आणि वृद्धांना, आधी वाट द्यावी. घाण उचलण्यासाठी पिशवी सोबत असावी. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाला धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याच्या हातात पट्टा आहे, त्याने ही जबाबदारी आपली मानावी.

आता पैशाचे बोलू. समजा, उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते साडेआठ ही तीन तासांची थंड वेळ आहे. एका कुत्र्याला अर्धा तास आणि पुढच्या घरी पोहोचायला दहा मिनिटे धरली, तर चार कुत्री होतात, पाचवे होत नाही. संध्याकाळीही तेवढीच. समजा, दोन वेळच्या फेरीचे महिन्याला २,००० रुपये ठरले, तर ८,००० येतील. पेट्रोल, पट्टे, पिशव्या, फोन यांचे हजार-बाराशे वजा केले, तर हाती सात हजारांच्या आत-बाहेर राहतील. हा दर उदाहरणापुरता आहे, प्रत्येकाने आपल्या गावात विचारून आपला दर काढावा. पण हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते: नुसत्या फिरवण्यावर संसार चालणार नाही. दिवसाच्या मधल्या वेळेला काम हवे. आंघोळ घालणे, केस विंचरणे, गोचीड काढणे, नखे कापणे, मांजराला आणि पक्ष्यांना खाणे-पाणी देणे, डॉक्टरांकडे नेणे ही ती कामे. त्याहून महत्त्वाचा हंगाम सुट्ट्यांचा. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आणि लग्नसराईत घरे बंद होतात, तेव्हा रोज दोनदा घरी जाऊन पाहणे किंवा कुत्रा आपल्याकडे ठेवून घेणे याची गरज असते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. जाणे-येणे जितके सोपे होईल, तितकी चार दिवस बंद राहणारी घरेही वाढतील.

कुत्रे घरी ठेवून घेण्याची घाई मात्र करू नये. त्यासाठी प्रत्येक कुत्र्याला वेगळी, हवेशीर, सावलीची जागा लागते, उंच आणि बंद फाटक लागते, शेजाऱ्यांची संमती लागते. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरलेला कुत्रा सहा फुटांची भिंत ओलांडतो. दुसऱ्याचे जनावर हरवले तर पैसे परत करून भागत नाही. पहिले वर्ष घरोघरी जाऊन काम करावे आणि दुसऱ्या वर्षी जागेचा विचार करावा.

सरकारी बाजू अवघड नाही. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी २०२० पासून सुरू आहे आणि ती मोफत आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. हातात अगदीच पैसा नसेल तर मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. पण माझा सल्ला असा की कर्ज काढू नये. दोन चांगले पट्टे, एक हार्नेस, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याची बाटली, वही आणि स्वतःची लस, एवढ्यावर सुरुवात होते. उचल घेऊन वर्ष काढण्याचे दुःख या जिल्ह्याने पुरेसे भोगले आहे. हा धंदा उचलीशिवाय सुरू होऊ शकतो, आणि ते त्याचे मोठे बळ आहे.

हे काम कोणी करावे? ज्याला वेळ पाळता येते आणि जनावरावर हात उगारावासा वाटत नाही, अशा कोणीही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना सकाळ-संध्याकाळचे हे काम अभ्यासाच्या आड येत नाही. घरची जबाबदारी असलेल्या स्त्रीला दुपारच्या घरभेटी जमतात, आणि पुष्कळ घरांना किल्ली तिच्याच हाती देणे जास्त सुरक्षित वाटेल. अडथळा येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. शिकलेल्या मुलाने दुसऱ्याचे कुत्रे फिरवायचे, लोक काय म्हणतील? बीडच्या खंडोबाच्या देवळात आपण देवासोबत त्याच्या कुत्र्यालाही हात जोडतो. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात आणि ती नसतील तर तसबीर पुरी वाटत नाही. देवाजवळ ज्या प्राण्याला मान आहे, त्याची नेकीने सेवा करून चार पैसे कमावण्यात कमीपणा कसला? गुराख्याच्या काठीवर, मेंढपाळाच्या घोंगडीवर या जिल्ह्यातली कित्येक घरे उभी राहिली. त्या कष्टाची लाज वाटायची नसेल, तर याचीही वाटू नये.

पुढची प्रकरणे कामाच्या क्रमाने लावली आहेत. प्राण्याची ओळख, पहिली भेट, फेरी, आजार आणि अपघात, घरभेट, सुट्टीतला सांभाळ, दर आणि वही, आणि शेवटी माणूस हाताखाली घेण्याचा विचार. घाईत असलेल्याने आजार आणि अपघाताचे प्रकरण तरी सोडू नये. मालकांनीही हे पुस्तक वाचावे. चांगला सांभाळणारा कसा ओळखावा, त्याला कोणती माहिती द्यावी, आणि महिन्याचे पैसे वेळेवर का द्यावेत, हे त्यांनाही कळायला हवे. दोन्ही बाजूंनी शब्द पाळला तरच हा व्यवहार टिकतो.

या जिल्ह्यातल्या तरुणाला आजवर एकच वाट दाखवली गेली: शीक, आणि इथून जा. ती वाट चुकीची नाही. पण ज्याला जायचे नाही किंवा जाता येत नाही, त्याच्या राहण्यालाही किंमत असली पाहिजे. हे काम लांबून करता येत नाही, यंत्राकडून करून घेता येत नाही, पुण्यात बसून बीडच्या कुत्र्याला फिरवता येत नाही. त्यासाठी इथेच राहणारा, रोज येणारा, विश्वासाचा माणूस लागतो. अशी चार-दोन माणसे प्रत्येक तालुक्याच्या गावी तयार झाली, त्यांच्यामुळे काही जनावरांच्या गळ्यातली साखळी सुटली आणि या माणसांना घामाचा योग्य दाम मिळाला, तर हे पुस्तक लिहिण्यामागचा हेतू पुरा होईल.